देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ : यांच्या हिशेबात देवाचं काम काय?

(चर्चास्थळावरचा धागा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

सतराव्या शतकातल्या युरोपची गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगतात: दुर्बीण आली, चर्चने गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, मग शहाण्यासुरत्या मंडळींनी देवाचं नाव तोंडदेखलं घेत आपलं विज्ञान पुढे रेटलं. देव म्हणजे नुसता देखावा, खरा माल आत वेगळाच. परवा दुसऱ्या एका धाग्यावर हेच पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून ही जिल्बी.

माझं म्हणणं उलट आहे. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ आणि न्यूटनसुद्धा, या चौघांच्या मांडणीत देवाला नेमून दिलेलं काम आहे. तो काढला की वरचं बांधकाम खाली येतं. त्यांची आपसातली भांडणं देव आहे की नाही यावर नाहीतच. तो काय करतो, यावर आहेत.

देकार्तपासून सुरू करू. १६४१ चं 'मेडिटेशन्स'. सगळ्यावर शंका घ्यायची. इंद्रियं फसवतात, कदाचित मी स्वप्नात आहे, कदाचित कुणी महाबलाढ्य ठक दोन अधिक तीन पाच हेसुद्धा मला खोटंच पटवून देतोय. उरतो कोण, तर शंका घेणारा मी. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढची पंचाईत फारसं कुणी सांगत नाही. 'मी आहे' एवढ्याशा भांडवलावर भूमिती, ग्रहगोल, समोरचं टेबल हे सगळं परत मिळवायचं कसं? देकार्त म्हणतो: देव आहे, तो परिपूर्ण आहे, परिपूर्ण असलेला फसवत नाही, म्हणून मला जे स्वच्छ आणि स्पष्ट दिसतं ते खरं मानायला हरकत नाही. त्याच्यावर आक्षेप आला की मग नास्तिकाला भूमिती येत नाही का? उत्तर बघा: त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे नास्तिकालाही कळतं, पण ते पक्कं ज्ञान नव्हे. आपण फसवले जात नाही आहोत, याची हमी त्याच्याकडे नाही. तोंडदेखलं नाव घेणारा माणूस गणितापर्यंत देवाला ओढत नेत नाही.

दुसरं काम १६४४ च्या 'प्रिन्सिपल्स'मध्ये. विश्वातल्या गतीची एकूण बेरीज कायम राहते, असं देकार्त सांगतो. का? मोजून पाहिली म्हणून नाही. देव बदलत नाही म्हणून. सुरुवातीला त्याने जडात जितकी गती घातली तितकीच तो क्षणोक्षणी राखतो. शाळेत आपण जो संवेग अक्षय्यतेचा नियम घोकला, त्याचा एक पूर्वज सरळ देवाच्या स्वभावातून काढलेला आहे.

स्पिनोझा आणि लायब्निझवर प्रतिसादांत लिहितो. एकदम सगळं टाकलं तर लोक स्क्रोल करून निघून जातात.

खवचट खारूताई

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. निरीश्वर कुठे आहेत?

निरीश्वर

आलो. तळटीप, लेख नेहमीप्रमाणे नेटका, पण निष्कर्ष मान्य नाही.

१) देकार्तने 'द वर्ल्ड' हा ग्रंथ जवळजवळ तयार असताना १६३३ मध्ये गॅलिलिओच्या शिक्षेची बातमी ऐकून बासनात बांधून ठेवला. तो त्याच्या हयातीत आलाच नाही. 'मेडिटेशन्स'च्या सुरुवातीला पॅरिसच्या धर्मपंडितांना उद्देशून लांबलचक अर्पणपत्र आहे. याला भीती नाही तर काय म्हणायचं?

२) स्पिनोझाच्या मोहोरेवर शब्द कोरला होता 'काउते', म्हणजे सावध. अजून काय पुरावा हवा?

३) देकार्तची हमीच पोकळ आहे. देव आहे हे सिद्ध करायला त्याने बुद्धी वापरली, आणि ती बुद्धी भरवशाची आहे हे सिद्ध करायला देव वापरला. आर्नो या फ्रेंच धर्मपंडिताने हे त्याच वर्षी, १६४१ च्या आक्षेपांत, तोंडावर सांगितलं. देकार्तसारख्या गणितज्ञाला हे दिसलं नसेल? त्याला ते चालवून न्यायचं होतं, इतकंच.

तळटीप

निरीश्वर, भीती होतीच, ती नाकारत नाही. पण त्या भीतीने त्यांनी काय लपवलं ते बघू. देकार्तने लपवली ती पृथ्वीची गती. न बदलणारा देव दोन्हीकडे आहे, बासनातल्या ग्रंथातही आणि छापलेल्यातही. न छापायच्या पुस्तकात कोण कुणाला घाबरून देव घालेल?

शिवाय खाजगी पत्रं आहेतच. १६३० मध्ये आपला मित्र मर्सेन याला लिहिताना हा मनुष्य म्हणतो की गणिताची सत्यंसुद्धा देवाने ठरवली म्हणून सत्य आहेत. वर्तुळाच्या त्रिज्या समान नसतील असंही तो करू शकला असता. हे मत चर्चला खूश करणारं नव्हतं, ते विद्यापीठातल्या जुन्या शिकवणुकीच्या विरुद्धच जात होतं. स्वतःहून अंगावर घेतलेली भानगड आहे ही.

आर्नोचा आक्षेप मात्र जबरदस्त. देकार्तचं उत्तर मलाही पुरेसं वाटत नाही. पण भोक पडल्यावर जहाज बुडतं ते पाण्याखालच्या फळीला, डोलकाठीवरच्या झेंड्याला नाही. आर्नोने बरोबर ती फळी शोधली.

सांडगी मिरची

तुम्ही सगळे देव आणि बुद्धी करत बसलात, पण देकार्तला खरा घाम फोडला तो एका बाईने. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. बापाचं राज्य गेलेलं, हॉलंडमध्ये आश्रयाला, वय पंचविशीच्या आत. १६४३ च्या मे महिन्यात तिने पत्र लिहून साधा प्रश्न विचारला: आत्मा जर निव्वळ विचार करणारी गोष्ट असेल, त्याला लांबी-रुंदी-जागा काहीच नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा? ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला पृष्ठभाग लागतो, आत्म्याला पृष्ठभाग कुठाय?

देकार्तने आधी कौतुक केलं, मग वजनाचं उदाहरण देऊन वेळ मारून नेली. ती गप्प बसली नाही. तिने कळवलं की जड नसलेली गोष्ट शरीर हलवते हे मानण्यापेक्षा आत्माच जड आहे हे मानणं मला सोपं जाईल. पुढे अनेक वर्षं पत्रव्यवहार चालला, तिचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

तळटीप

सांडगी मिरची, सलाम. आणि हा प्रश्न धाग्याला धरूनच आहे, कारण पुढच्या पिढीने तो देवाच्या गळ्यात घातला. मालब्रांश हा फ्रेंच तत्त्वज्ञ म्हणाला, आत्मा शरीराला हलवतच नाही. मी हात वर करायचं मनात आणतो, त्या निमित्ताने देव हात वर करतो. एक चेंडू दुसऱ्यावर आपटतो तेव्हाही ढकलणारा देवच. निसर्गात कशानेच काही होत नाही, सगळं तो करतो. निरीश्वर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे लोक देवाला हळूच दाराबाहेर काढत होते. इथे तर त्याचा कामाचा बोजा वाढलेला दिसतो.

निवृत्त मास्तर

तीस-बत्तीस वर्षं फळ्यावर भौतिकी शिकवली, त्यामुळे गतीच्या बेरजेवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

देकार्तची 'गतीची मात्रा' म्हणजे आकारमान गुणिले वेग. दिशा नाही. त्यामुळे त्याचे टकरीचे सात नियम बहुतेक सगळे चुकले. चौथा तर मजेशीर आहे: स्थिर वस्तू आदळणाऱ्या वस्तूपेक्षा मोठी असेल तर ती हलतच नाही, आदळणारी कितीही वेगाने येवो. घरी कॅरम असेल तर स्ट्रायकर मधोमध ठेवा आणि त्यावर सोंगटी टिचकीने मारा. झालं देकार्तचं खंडन. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने हे नियम पुढे दुरुस्त केले.

पण खरा घाव घातला लायब्निझने, १६८६ मध्ये, चारदोन पानांच्या लेखात. हिशेब असा. एक शेर वजन चार हात उंचीवरून सोडा. चार शेर वजन एक हात उंचीवरून सोडा. पहिलं चार हात उचलायला आणि दुसरं एक हात उचलायला श्रम सारखेच लागतात, हे देकार्तवाद्यांनाही कबूल. म्हणजे खाली पोचताना दोघांत सारखीच ताकद हवी. आता गॅलिलिओचा नियम लावा: चारपट उंचीवरून पडलं की वेग दुप्पट. पहिल्याचा वेग दोन, दुसऱ्याचा एक. देकार्तच्या मापाने पहिल्यात एक गुणिले दोन म्हणजे दोन, दुसऱ्यात चार गुणिले एक म्हणजे चार. जमलं नाही. वेगाचा वर्ग घ्या: एक गुणिले चार म्हणजे चार, चार गुणिले एक म्हणजे चार. जमलं.

लेखाच्या नावातच लिहिलंय की देव गतीची सारखीच मात्रा राखतो असं जे देकार्त वगैरे मानतात, ती त्यांची लक्षणीय चूक आहे. म्हणजे देव राखतो हे लायब्निझला मान्यच आहे, तो काय राखतो यात देकार्त चुकला. तळटीप यांचा मुद्दा मला इथे पटतो. वेगाच्या वर्गाची ही राशी पुढे गतिज ऊर्जा झाली, दोनने भागून. वर्गात शिकवताना मी मात्र देव वगळूनच शिकवलं. अभ्यासक्रमात नव्हता.

खवचट खारूताई

मास्तर, शेर आणि हात वाचून आजोबांच्या वह्या आठवल्या. दंडवत.

सोऽहं

चर्चा छान. पण स्पिनोझाचं नाव घेऊनही कुणी मूळ गोष्ट बोलत नाही. 'ईश्वर अर्थात निसर्ग', एकच तत्त्व, बाकी सगळे त्याचे विकार. हे आपल्याकडे आदि शंकराचार्यांनी हजार वर्षं आधी सांगून ठेवलंय. अद्वैत ते हेच. आपलंच आपल्याला परक्यांकडून शिकावं लागतं.

तळटीप

सोऽहं, हा प्रतिसाद येणार याची वाटच पाहत होतो. हलके घ्या.

साम्य आहे, पण नीट पाहा. शंकराचार्यांकडे ब्रह्म सत्य आणि जग मिथ्या. स्पिनोझाकडे जग अजिबात मिथ्या नाही. हे टेबल, ही माशी, माझा राग हे सगळं ईश्वराचंच ठरावीक रूप आहे आणि ते तितकंच खरं आहे. त्याला राग घालवायचा नाही, तो कुठून येतो ते भूमितीसारखं समजून घ्यायचं आहे. 'एथिक्स' हा ग्रंथच व्याख्या, गृहीतकं, प्रमेयं अशा युक्लिडच्या ढंगाने लिहिलाय. तुलना करायचीच तर शंकराचार्यांपेक्षा 'अमृतानुभव'कडे बघा. तिथे ज्ञानेश्वर अज्ञान नावाच्या गोष्टीचंच खंडन करतात आणि जग हा चैतन्याचाच विलास म्हणतात. पण तरी 'अमृतानुभव' भक्तीपाशी पोचतो. स्पिनोझाचा ईश्वर तुमच्यावर उलट प्रेम करील अशी अपेक्षाच धरायची नाही, असं 'एथिक्स'च्या पाचव्या भागात स्पष्ट लिहिलंय.

आता त्याच्याकडे देवाचं काम काय? माझ्या मते इथे गंमत आहे. देकार्तचा देव हमी देतो, लायब्निझचा देव निवड करतो. स्पिनोझाचा ईश्वर काहीच ठरवत नाही. त्रिकोणाच्या स्वरूपातून जसे दोन काटकोन निघतात तसं त्याच्यातून सगळं निघतं. पहिल्या भागाच्या परिशिष्टात छपरावरून दगड पडून माणूस मेल्याचं उदाहरण आहे. लोक म्हणतात, देवाची इच्छा. तुम्ही सांगा, वारा सुटला होता म्हणून दगड पडला. वारा तेव्हाच का सुटला? आदल्या दिवसापासून समुद्र खवळला होता. तोच माणूस तेव्हाच तिथून का जात होता? मित्राने बोलावलं होतं. असं विचारत विचारत शेवटी लोक देवाच्या इच्छेत शिरतात, आणि ती जागा म्हणजे अज्ञानाचं आश्रयस्थान, असं तो म्हणतो.

हे वाचून लोक का बिथरले ते उघड आहे. नास्तिकाला वाळीत टाकता येतं. हा तर पानापानावर ईश्वर म्हणतोय, आणि त्या ईश्वराला नवस बोलता येत नाही, तो रागावत नाही, चमत्कार करत नाही. एका पत्रात लिहितो, त्रिकोणाला बोलता आलं असतं तर देव त्रिकोणी आहे असंच तो म्हणाला असता.

मांडवीकाठ

वाळीत टाकण्यावरून. स्पिनोझाला खरोखरच वाळीत टाकलं होतं. २७ जुलै १६५६, अॅमस्टरडॅमचा पोर्तुगीज ज्यू समाज, वय तेवीस. ठरावाची भाषा पोर्तुगीज. कुणी त्याच्याशी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत येऊ नये, त्याने लिहिलेलं वाचू नये. दिवसा शापित असो, रात्री शापित असो, वगैरे. नेमका गुन्हा काय ते मात्र ठरावात नाही, नुसती 'दुष्ट मतं आणि कृत्यं'.

आम्हा गोवेकरांना ही गोष्ट जरा जवळची आहे. हे ज्यू अॅमस्टरडॅमला आले ते पोर्तुगाल-स्पेनच्या इन्क्विझिशनपासून, म्हणजे पाखंडी हुडकून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयापासून पळून. स्पिनोझाचा बाप पोर्तुगालच्या व्हिदिगेइरा गावचा. तेच इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात आलं. पणजीत ज्याच्या नावाने बाग आहे तो गार्सिया द ऑर्ता अशाच बाटवलेल्या ज्यू घरातला वैद्य. हिंदुस्थानी औषधींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ ला गोव्यातच छापला. १५६८ ला तो सुखाने मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला इथे जाळलं, आणि १५८० ला त्याची हाडं उकरून जाळली. अॅमस्टरडॅमच्या त्या समाजाच्या मनात काय भीती भरलेली असेल, याचा अंदाज यावरून बांधावा. त्यांचं समर्थन करत नाही. नव्या गावात आपल्यातलाच एक पोरगा उठून देवाबद्दल भलतंसलतं बोलायला लागला तर आपल्यालाही हाकलतील, अशी धास्ती असणार.

पाणचक्की

हॉलंडमध्ये राहते, म्हणून एक फोटोविना वर्णन. लायडनजवळ राइन्सबुर्ख नावाचं गाव आहे, फुलशेतीचं. तिथे स्पिनोझा १६६१ ते ६३ भाड्याने राहिला ते घर आता संग्रहालय आहे. विटांचं, बुटकं. दर्शनी भिंतीत एक कोरलेला दगड आहे, त्यावर जुन्या डचमध्ये चार ओळी: माणसं शहाणी असती आणि मनाने चांगली असती तर पृथ्वी स्वर्ग झाली असती, आता मात्र ती बहुधा नरकच असते.

आत पुस्तकांचं कपाट आहे. तो १६७७ ला हेगमध्ये वारला तेव्हा नोटरीने त्याच्या सामानाची यादी केली, पुस्तकांसकट. त्या यादीवरून त्याच पुस्तकांच्या त्या काळातल्या प्रती जमवून ते कपाट भरलंय. मी गेले तेव्हा तिथल्या आजोबांनी काचेपलीकडची पुस्तकं दाखवत सांगितलं की यात गणित आणि प्रकाशशास्त्र पुष्कळ आहे. साहजिकच आहे, पोटापाण्यासाठी भिंगं घासायचा तो. चव्वेचाळिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या आजाराने गेला. काचेच्या धुळीने तो बळावला असेल असं म्हणतात. पाहुण्यांच्या वहीत आइनस्टाइनची १९२० ची सही आहे. त्याला कुणी देव मानतोस का विचारलं की तो स्पिनोझाचा देव मानतो असं सांगायचा.

निरीश्वर

पाणचक्की, झकास. तिकडे आलो तर हे घर नक्की.

तळटीप, तुमचाच स्पिनोझा तुमच्यावर उलटवतो. ज्या देवाला इच्छा नाही, हेतू नाही, जो काही निवडत नाही, त्याला देव म्हणायचं कशाला? निसर्ग म्हणा की. इथे देव हे नुसतं नाव उरलं. 'एथिक्स' त्याने जिवंतपणी छापला का नाही? त्याचा धर्म आणि राज्यावरचा १६७० चा ग्रंथ 'ट्रॅक्टेटस' निनावी, आणि छापल्याचं गाव खोटं, अॅमस्टरडॅमऐवजी हॅम्बुर्ग, ते का? त्याचा मित्र कुर्बाख याने अशीच मतं मांडली, तीही डचमध्ये, सामान्य माणसाला कळतील अशी. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १६६९ मध्ये कैदेतच गेला. स्पिनोझाने आपल्या ग्रंथाचं डच भाषांतर थांबवायला मित्राला पत्र लिहिलं. लॅटिनमध्ये आहे तोवर चालेल, लोकांच्या भाषेत नको. ही भीती नाही?

तळटीप

कुर्बाखची आठवण बरी काढलीत, तो फार दुर्लक्षित माणूस आहे. भाषेबाबत शंभर टक्के मान्य. कुणासाठी लिहायचं, कुठे छापायचं, नाव घालायचं का, हे सगळं भीतीने ठरलं. काय लिहायचं ते नाही. फक्त झाकायला देव घातला असता तर झाकलं तरी गेलं असतं. हॉलंडने १६७८ मध्ये त्याच्या मरणोत्तर ग्रंथांवर बंदी घातली, कारण त्या 'ईश्वर' शब्दाने कुणीच फसलं नाही.

आणि निसर्ग म्हणून का भागत नाही? निसर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडं-डोंगर येतात, नाहीतर जड पदार्थ. स्पिनोझाकडे विचार हाही त्या एका तत्त्वाचा तितकाच मूळ गुण आहे, विस्ताराच्या बरोबरीचा. एलिझाबेथचा प्रश्न तो असा सोडवतो: मन शरीराला ढकलत नाही, शरीर मनाला ढकलत नाही, दोन्ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू. आणि माणसाला पुरेसं ज्ञान का होऊ शकतं, तर त्याचं मन त्या अनंत बुद्धीचाच अंश आहे म्हणून. म्हणजे ज्ञानाची हमी देण्याचं देकार्तच्या देवाचं काम इथेही आहे, फक्त हमीदार बाहेर उभा नाही. ईश्वर हा शब्द खोडा आणि 'एथिक्स'चा दुसरा भाग वाचा, प्रमेयं तुटतात.

जुनी बखर

उशिरा आलो. सोऽहं यांच्या मुद्द्यात एक खरा धागा आहे, तो वेगळ्याच ठिकाणी आहे.

देकार्तच्या 'मेडिटेशन्स'वर आक्षेप घेणाऱ्यांत गासांदी हा फ्रेंच तत्त्वज्ञ होता. त्याचा शिष्य फ्रान्स्वा बर्निए, पेशाने वैद्य, सुरतेला उतरून मोगल दरबारात आला, ऐन दारा-औरंगजेबाच्या लढाईच्या धामधुमीत. पुढे दानिशमंद खान या मोगल सरदाराच्या पदरी राहिला. त्याने लिहून ठेवलंय की खानासाठी आपण गासांदी आणि देकार्त फारसीत उतरवले. म्हणजे आपण ज्यांच्यावर इथे भांडतोय ते विचार स्पिनोझा जिवंत असतानाच दिल्लीत वाचले जात होते.

उलट दिशेनेही माल गेला. खानाच्या घरी एक पंडित होता, त्याच्याशी बर्निएच्या चर्चा चालत. काशीच्या पंडितांनाही तो भेटला. १६६७ मध्ये शिराझहून फ्रान्सला पाठवलेल्या पत्रात तो पंडितांचं मत सांगतो: कोळी जसा आपल्याच पोटातून जाळं काढतो आणि पुन्हा आत ओढून घेतो, तसं ईश्वर हे जग स्वतःतून काढतो आणि परत घेतो. ओळखीचं वाटतंय ना? मुंडकोपनिषद, 'यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च'. बर्निएला हे मत वेडगळ वाटलं, हेही सांगायला हवं.

पुढे १६९७ मध्ये पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने आपल्या प्रचंड कोशात स्पिनोझावर नोंद लिहिली, सगळ्यात लांब नोंदींपैकी एक. तिथे तो स्पिनोझाचं मत नवं नाही हे दाखवायला जगभरचे दाखले देतो, आणि हिंदुस्थानच्या पंडितांसाठी बर्निएलाच उद्धृत करतो. आणि बेल वाचून तयार झालेल्या ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या, धर्मावरच्या 'संवादां'त, जे त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले, तोच कोळी पुन्हा भेटतो. ह्यूमचं पात्र म्हणतं, ब्राह्मण म्हणतात जग एका अनंत कोळ्याच्या पोटातून निघालं. आपल्याला हसू येतं, कारण कोळी क्षुद्र प्राणी. पण एखाद्या ग्रहावर फक्त कोळीच राहत असते तर त्यांना हेच सर्वात तर्कशुद्ध वाटलं असतं, जसं आपल्याला घड्याळ करणाऱ्या कारागिरासारखा देव वाटतो.

स्पिनोझाने अद्वैत वाचलं होतं असं म्हणायला काही आधार नाही. पण त्याच्या विरोधकांनी त्याला आपल्या पंडितांच्या पंक्तीला बसवलं, हे मात्र छापील आहे.

सोऽहं

जुनी बखर, हे अजिबात माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली. शंकराचार्यांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण 'अमृतानुभव' पुन्हा काढतो.

सांडगी मिरची

लायब्निझ राहिला ना! निवड करणारा देव म्हणजे काय?

तळटीप

नोव्हेंबर १६७६. लायब्निझ तिशीतला, हॅनोव्हरच्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेला, वाट वाकडी करून हेगला स्पिनोझाला भेटला. देव शक्य आहे याची एक सिद्धता कागदावर लिहून त्याला वाचून दाखवली. स्पिनोझाने त्याला एक हकिकत सांगितली, ती लायब्निझने टिपून ठेवली. १६७२ मध्ये हेगमध्ये जमावाने डच राज्यकर्ते द विट बंधूंना फाडून मारलं, त्या रात्री स्पिनोझा तिथे जाऊन 'अतिनीच रानटी' असा फलक लावणार होता. घरमालकाने कुलूप लावून त्याला आत ठेवला. मोहोरेवर 'सावध' कोरणारा तो हाच, निरीश्वर.

पुढे लायब्निझ ही भेट किरकोळ होती असं भासवत राहिला. पण त्याची सगळी हयात स्पिनोझाचं म्हणणं कसं टाळायचं यात गेली, असं मला वाटतं. सगळं अटळपणे निघत असेल तर देव चांगला कसा म्हणायचा? म्हणून लायब्निझचा देव अनंत शक्य जगं पाहतो आणि त्यातलं सर्वोत्तम निवडतो. १७१० चं 'थिऑडिसी' याच कामाचं. देवाला काम हवं होतं, म्हणून त्याने निवड समिती नेमली आणि सदस्य एकच ठेवला.

निरीश्वर

हा हा, हे चोरणार.

बरं, अर्ध्या वाटेवर येतो. देकार्त आणि लायब्निझबाबत पटलं. स्पिनोझाबाबत नाही. पण मग मला सांगा, देव कामावरून गेला कधी? कारण आजच्या भौतिकीत तर तो नाही.

निवृत्त मास्तर

माझ्या मते ही तारीख बऱ्यापैकी सांगता येते, निदान ग्रहांच्या खात्यातली.

न्यूटनने 'ऑप्टिक्स'च्या शेवटी जे प्रश्न जोडले त्यात म्हटलंय की ग्रह-धूमकेतू एकमेकांना ओढतात, त्यामुळे थोडी अनियमितता साचत जाते, आणि पुढेमागे या व्यवस्थेला दुरुस्ती लागेल. दुरुस्ती करणारा अर्थातच देव. लायब्निझ १७१५ मध्ये वेल्सची युवराज्ञी कॅरोलिनला लिहितो: न्यूटनच्या देवाला आपलं घड्याळ अधूनमधून किल्ली द्यावी लागते, म्हणजे कारागीर कच्चाच म्हणायचा. न्यूटनच्या बाजूने त्याचा मित्र, धर्मोपदेशक क्लार्क उतरला. त्याचं उत्तरही तोलामोलाचं: ज्या घड्याळाला कारागीर लागतच नाही, ते म्हणजे राजाशिवाय चालणारं राज्य, मग राजा आहे तरी कशाला? दोघांची पाच-पाच पत्रं झाली आणि नोव्हेंबर १७१६ मध्ये लायब्निझ वारला.

आता दुरुस्तीचं काय झालं. गुरूचा वेग वाढतोय आणि शनीचा कमी होतोय असं नोंदींवरून दिसत होतं. हे असंच चाललं तर सगळं विस्कटणार. १७८५ च्या सुमारास लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ही वाढ-घट कायमची नाही. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ जुळतात, त्यातून सुमारे नऊशे वर्षांचा हेलकावा तयार होतो. वेग वाढतो, मग कमी होतो. किल्ली द्यायची गरज नाही. नेपोलियनने विचारलं आणि लाप्लास म्हणाला, 'मला त्या गृहीतकाची गरज पडली नाही', हा किस्सा नंतर बराच रंगवला गेला. तो बाजूला ठेवला तरी गणित राहतंच.

खवचट खारूताई

आणि लायब्निझ जिंकला की हरला?

निवृत्त मास्तर

घड्याळाबाबत जिंकला. कारागीर मात्र क्लार्कने बजावलं तसाच घालवून बसला.

मांडवीकाठ

हे वाचून आता मुळातून काही वाचावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू? 'एथिक्स' एकदा उघडून बंद केलंय.

तळटीप

'एथिक्स'ने सुरू करूच नका. आधी स्पिनोझाची पत्रं. त्यात ब्लायेनबर्ग नावाच्या धान्याच्या दलालाशी झालेली पत्रं बघा, १६६४-६५ ची. तो विचारतो, सगळं ईश्वरातूनच येत असेल तर आदमचं फळ खाणंही त्याच्यातूनच आलं ना, मग पाप कुठे राहिलं? स्पिनोझा आधी प्रेमाने उत्तर देतो. मग त्याच्या लक्षात येतं की समोरचा बायबलच्या शब्दापुढे बुद्धी बाजूला ठेवणार, आणि हळूहळू त्याचा धीर सुटत जातो. मग 'मेडिटेशन्स', ते छोटंच आहे, पण आक्षेप आणि उत्तरांसकट घ्या. लायब्निझ-क्लार्क शेवटी. मास्तरांना विचारत विचारत.

पाणचक्की

ब्लायेनबर्ग डॉर्ड्रेख्टचा. पुढच्या महिन्यात कामासाठी तिकडे जायचंय, त्याच्या नावाचं काही आहे का बघते आणि इथेच टाकते.